चढावरची आगगाडी

मुलांनो, तुम्ही मेट्रोत बसला असालच. २०२२ सालापासून मेट्रो पोर्ट लुईसपासून क्यूरपिपपर्यंत धावू लागली. पण याच भागातून फार पूर्वी धूर सोडीत आगगाडी जात असे, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली धावली. त्यानंतर अकराच वर्षांनी, १८६४ साली, आपल्या मॉरिशसमध्ये रेल्वे सुरू झाली. ही गाडी माणसे नेई आणि साखरेची पोतीही नेई. १९५६ साली प्रवाशांची गाडी बंद झाली. मालगाडीही १९६४ साली थांबली. रूळ उखडले गेले. पण आठवणी कुठे उखडता येतात?

आज मी तुम्हाला वाक्वा गावातल्या एका घरातली गोष्ट सांगणार आहे. त्या घरात एक ताई, तिचा धाकटा भाऊ आणि त्यांचे आजोबा राहतात. आजोबा सात वर्षांचे असताना आपल्या वडिलांबरोबर त्या जुन्या गाडीत बसले होते. आता त्यांची नजर फार कमी झाली आहे. कान मात्र तीक्ष्ण आहेत.

एकदा आजोबा म्हणाले, "तो आवाज पुन्हा एकदा ऐकायला मिळाला असता तर!"

ताईने भावाकडे पाहिले. दोघांनी ठरवले, घरातच आगगाडी बांधायची. खाली पोर्ट लुईस, मधे रोझ हिल आणि वर क्यूरपिप. तीन मजल्यांची रेल्वे!

पोर्ट लुईस समुद्राकाठी आहे आणि क्यूरपिप समुद्रापासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपली खरी रेल्वेसुद्धा मजले चढतच जात होती.

भावंडांनी साठवलेल्या पैशांतून एक छोटे इंजिन, चार डबे आणि रूळ आणले. असे इंजिन खऱ्या इंजिनाच्या ८७ पट लहान असते. त्याच्या दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. दोन्ही रुळांतून वीज येते. ती चाकांतून इंजिनातल्या मोटारीला मिळते आणि गाडी चालू लागते. ही वीज फक्त १२ व्होल्टची असते. घरातली वीज ट्रान्सफॉर्मरमधून गेली की इतकी कमी होते. ट्रान्सफॉर्मर भिंतीतल्या विजेला जोडण्याचे काम मात्र बाबांनीच केले. तुम्हीही ते काम मोठ्या माणसांवरच सोपवा.

बाबांनी एक मोठे टेबल दिले. दोघांनी घाईघाईने रूळ मांडले. पहिल्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला १० सेंटिमीटर चढायचे होते. त्यांनी दीड मीटर लांबीचा चढ केला आणि इंजिन सोडले.

इंजिन सपाट रुळावर झोकात धावले. चढाशी आले आणि मंदावले. अर्ध्या चढावर त्याची चाके नुसतीच गरगर फिरू लागली. गाडी जागची हलेना. मग ती हळूहळू मागे घसरली. शेवटचा डबा रुळावरून उतरला आणि धाडकन जमिनीवर पडला. त्याचे एक चाक निखळले.

भावाच्या डोळ्यांत पाणी आले.

रविवारी आजोबांना गाडी दाखवायची होती. सगळे खोलीत जमले. आजोबा खुर्चीवर बसले. भावाने इंजिन सुरू केले. गाडी चढाशी येताच त्याने मागून बोट लावले आणि सगळी गाडी हळूच वर ढकलली. गाडी वरच्या स्थानकात जाऊन थांबली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ म्हणाला, "आजोबा, गाडी चढली!"

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "बाळा, चढावर इंजिनाचा आवाज बदलतो. त्याला ओढावे लागते ना! आत्ता तर डबे पुढे पळत होते आणि इंजिन नुसते घरघरत होते."

भावाने मान खाली घातली. त्याला रडू आवरेना. "आजोबा, मी ढकलली. ती चढतच नाही."

आजोबा रागावले नाहीत. त्यांनी त्याला जवळ घेतले आणि विचारले, "का चढत नाही, ते पाहिलेस का?"

मुलांनो, हा प्रश्न लक्षात ठेवा. एखादे काम जमले नाही तर आपण रडतो, किंवा काहीतरी करून ते लपवतो. पण का जमले नाही, हे शोधले तर पुढची वाट सापडते.

ताईने फूटपट्टी आणि दोरा आणला. चढ १५० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच होता. म्हणजे १५ सेंटिमीटर पुढे गेले की १ सेंटिमीटर वर.

"फार उभा चढ आहे हा," आजोबा म्हणाले. "लोखंडी चाक लोखंडी रुळावर सहज धावते, कारण तिथे घर्षण कमी असते. पण घर्षण कमी म्हणून चढावर ते सहज घसरतेही. रेल्वेला उभा चढ चालत नाही. तिला लांब वाट द्यावी लागते."

त्यांनी मग महाराष्ट्रातल्या माथेरानची गोष्ट सांगितली. नेरळ गावाहून माथेरानच्या डोंगरावर एक छोटी गाडी जाते. तिचे रूळ १९०७ साली तयार झाले. ते रूळ सरळ वर जात नाहीत. डोंगराच्या अंगावरून वळणे घेत, नागासारखे वर जातात. वाट लांब होते, पण चढ सोपा होतो.

"मग आपणही गाडीला वळसे देऊ!" ताई म्हणाली.

तुम्हाला अशी रेल्वे बांधायची असेल, तर या भावंडांनी पुढे काय केले ते नीट पाहा.

त्यांनी २ मीटर ४० सेंटिमीटर लांब आणि १ मीटर २० सेंटिमीटर रुंद अशी प्लायवुडची फळी घेतली. तिच्यावर रुळांचा लांबट गोल आखला. दोन्ही बाजूंना १ मीटर २० सेंटिमीटर सरळ रेषा आणि दोन्ही टोकांना अर्धे अर्धे वर्तुळ. वर्तुळाचा मध्य ते रूळ हे अंतर अर्धा मीटर ठेवले. वळण याहून आवळले तर चढावर गाडी अडखळते. दोरा ठेवून मोजले तेव्हा पूर्ण फेरी सुमारे साडेपाच मीटर भरली.

साडेपाच मीटरपैकी दीड मीटर त्यांनी स्थानकासाठी सपाट ठेवले. स्थानक नेहमी सपाट असावे. नाहीतर उभे केलेले डबे आपोआप चालू लागतात! उरलेल्या चार मीटरमध्ये १० सेंटिमीटर चढायचे. आता ४० सेंटिमीटर पुढे गेले की १ सेंटिमीटर वर. किती सोपा चढ झाला पाहा.

बाबांनी पातळ प्लायवुडची वळणदार पट्टी कापून दिली. मुलांनी लाकडाचे ठोकळे केले. पहिला १ सेंटिमीटर उंच, दुसरा २, तिसरा ३, असे करत दहावा १० सेंटिमीटर. दर ४० सेंटिमीटरवर एक ठोकळा ठेवून त्यांवर पट्टी बसवली. पट्टी आपोआप थोडी वाकली, त्यामुळे सपाट रूळ आणि चढ यांच्यामध्ये कोपरा राहिला नाही. असा कोपरा राहिला तर डबे एकमेकांपासून सुटतात.

एक फेरी पूर्ण झाली तेव्हा रूळ बरोबर पहिल्या स्थानकाच्या डोक्यावर आले होते. तिथे रोझ हिल झाले. आणखी एक फेरी, आणि त्याच्याही वर क्यूरपिप! खालची गाडी सहा सेंटिमीटर उंच होती. म्हणून १० सेंटिमीटरच्या मजल्याखालून ती सहज जाई.

मजल्यांची बाहेरची बाजू त्यांनी उघडी ठेवली. मधल्या मजल्यावर डबा घसरला तर हात पोचायला नको का? आणि गाडी खाली पडू नये म्हणून कडेला पुठ्ठ्याचा छोटा कठडा लावला. पडलेल्या डब्याने शिकवलेला तो धडा होता.

पहिल्या मजल्यावर गाडी छान धावली. पण तिसऱ्या मजल्यावर ती पुन्हा मंदावली. आता भाऊ रडला नाही. त्याने बोटही लावले नाही. तो म्हणाला, "का मंदावते, ते पाहू या."

चढ मोजला. तो बरोबर होता. चाके पाहिली. त्यांना तेल लागले होते. ती स्वच्छ फडक्याने पुसली. गाडी थोडी सुधारली, पण पुरती नाही. मग ताईच्या लक्षात आले की विजेच्या तारा फक्त पोर्ट लुईसला जोडल्या होत्या. रुळांच्या कितीतरी सांध्यांतून वर जाता जाता विजेचा जोर कमी होत होता. बाबांनी त्याच ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा रोझ हिल आणि क्यूरपिपच्या रुळांनाही जोडून दिल्या.

पुढच्या रविवारी आजोबा पुन्हा खुर्चीवर बसले. खोलीत कोणी बोलत नव्हते. गाडी पोर्ट लुईसहून निघाली. सपाट रुळांवर चाके हलकी वाजत होती. चढ लागला. इंजिनाचा आवाज जड झाला. मुलांनी श्वास रोखला. एक फेरी झाली. आवाज पुन्हा हलका झाला.

"रोझ हिल," आजोबा म्हणाले.

पुन्हा चढ. पुन्हा तोच जड आवाज. आजोबांचे बोट खुर्चीच्या हातावर तालात हलत होते. मग आवाज हलका झाला आणि गाडी थांबली. भावाचे दोन्ही हात पाठीमागे होते.

आजोबांनी डोळे पुसले. ते हसून म्हणाले, "क्यूरपिप आले! छत्री उघडा रे, इथे नेहमी पाऊस असतो."

मुलांनो, पुण्यात कोथरूडला छोट्या आगगाड्यांचे एक संग्रहालय आहे. कधी महाराष्ट्रात गेलात तर ते जरूर पाहा. पण त्याआधी आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारा, "तुम्ही आगगाडी पाहिली होती का?" काय सांगावे, तुमच्याही घरात एखादी गाडी चढावर तुमची वाट पाहत असेल.

शब्दार्थ
तीक्ष्ण – तेज
निखळणे – सुटून वेगळे होणे
घर्षण – दोन वस्तू एकमेकींवर घासल्यामुळे होणारा अडथळा
वळसा – गोल फिरून जाणारी वाट
सांधा – दोन वस्तू जोडल्या जातात ती जागा
कठडा – कडेचा आधार

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मॉरिशसमध्ये रेल्वे कोणत्या साली सुरू झाली?
(आ) स्थानक सपाट का असावे?
(इ) कठडा लावण्याचे कारण काय?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) भावाने गाडी ढकलली हे आजोबांनी कसे ओळखले?
(आ) तिसऱ्या मजल्यावर गाडी मंदावली तेव्हा भाऊ पहिल्यापेक्षा वेगळा कसा वागला?

३. हिशेब करा.
४० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर असा चढ आहे. १२ सेंटिमीटर उंच जायला किती लांब रूळ लागतील?

४. वाक्यात उपयोग करा.
श्वास रोखणे, मान खाली घालणे, रडू न आवरणे

५. करून पाहा.
एक पुठ्ठा पुस्तकांवर टेकवून चढ करा. त्यावर खेळातली गाडी ओढा. पुस्तके वाढवत जा. गाडी ओढायला केव्हा जड जाते, ते वहीत लिहा.