लाळेच्या नळीआधी सिकलसेल

आईबाबांनो, गेल्या महिन्यात भिलाईतल्या आमच्या सेक्टरमधली एक तरुण आई घरी आली. मोबाइलवरची जाहिरात दाखवू लागली. लेकराची लाळ नळीत भरून पाठवायची, मग पुढे त्याला मधुमेह होईल का, हृदयविकार होईल का, सगळं कळणार. "काकू, करून टाकू का? नंतर हळहळ नको." तिची काळजी अगदी खरी होती. मी एवढंच विचारलं, "तुमच्या दोघांची सिकलसेलची तपासणी झाली आहे?" झाली नव्हती. हा प्रश्न आधी का, ते सांगते.

१९५९च्या फेब्रुवारीत भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि नंतरही आपल्यातले कितीतरी जण नागपूर, भंडारा, गोंदियाकडून इथे आले. ट्रंकेत भांडीकुंडी होती आणि रक्तात पूर्वजांचा वारसाही. मलेरियाच्या मुलखात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एकच जनुक असलेला माणूस तग धरायचा, म्हणून तो जनुक या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या टिकला. विदर्भात म्हणतात सिकलसेल, छत्तीसगडात सिकलिंग. हा अमक्याच समाजाचा आजार, असं कृपा करून समजू नका.

आई आणि बाबा दोघंही 'एएस', म्हणजे वाहक असतील, तर दर गरोदरपणात बाळ 'एसएस' म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो, त्यामुळे आपण वाहक आहोत हे तपासल्याशिवाय कळत नाही. एसएस असलेल्या लेकराला मात्र हाडं ठणकवणाऱ्या वेदना, वारंवार जंतुसंसर्ग, रक्ताची कमतरता सोसावी लागते. आजार लवकर कळला तर पेनिसिलीन, लसी, हायड्रॉक्सियुरिया यांच्या मदतीने त्याचं जगणं खूप सुसह्य होतं. गर्भाची तपासणीही दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. जनुकांच्या तपासणीचा खरा फायदा मला इथे दिसतो : उत्तर मिळालं की पुढे काय करायचं, हे ठाऊक असतं.

बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरची साधी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांतला फरक सांगत नाही, आणि सहा महिन्यांखालच्या बाळात ती फसते. म्हणून हा फरक दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणीचा अहवाल हातात घ्याच. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. रायपूरला तर या आजारासाठी स्वतंत्र संस्थाच आहे.

पण याच तपासणीने घरात दुःखही येतं, तेही सांगते. मुलगी 'एएस' निघाली की तिच्या लग्नाची काळजी सुरू होते, घरचे कुजबुजू लागतात. मुलाचा अहवाल मात्र कोणी मागत नाही. अहो, वाहक असणं हा दोष नाही! जोडीदार सिकलसेलचा वाहक किंवा रुग्ण नसेल तर त्यांचं मूल 'एसएस' होणार नाही.

आता त्या नळीविषयी. मधुमेहामागे शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो, शिवाय ताटातलं अन्न आणि चालणं-फिरणं. अशा अंदाजांमागची बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, तिच्यावरून आपल्या लेकराचं भविष्य कसं वर्तवायचं? घरात तरुण वयात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मोठ्यांनी जनुकीय सल्लागाराकडे जरूर जावं. पण मोठेपणी होणाऱ्या आजाराची भीती सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर का ठेवायची? तो मोठा झाला की त्याचं तो ठरवेल.

शिवाय एकदा दिलेली माहिती परत घेता येत नाही. लाळेवरून जनुकं तपासणाऱ्या अमेरिकेतल्या 'ट्वेंटीथ्री अँड मी' कंपनीतून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५मध्ये कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. जनुकांवरून भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेत २००८पासून कायदा आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही.

त्या आईला मी हेच सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी तपासून आली, एकटीच. बाबांनो, अर्धा वारसा तुमचाही आहे. या आठवड्यात एक तास काढा आणि तिच्यासोबत जा.