घर आपले, जमीन कुणाची?

शेताचा मालक कोण, हे कशावरून कळते? सातबाऱ्यावरून. शेत एकाने कसायचे आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, असे असले की पुढे भांडण ठरलेले. हे आपणां सर्वांना ठाऊक आहे.

आता पनवेलकडे पाहू. भातखाचरांच्या जागी इमारती झाल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका झाली. गावची पुष्कळ माणसे आता फ्लॅटमध्ये राहतात. पैसे भरले, करार नोंदला, किल्ली हाती आली. माणूस म्हणतो, “झालो मालक!”

पण इमारतीखालच्या जमिनीचा उतारा काढून बघा. कितीतरी ठिकाणी त्यावर अजून जुन्या मालकाचे किंवा बिल्डरचेच नाव असते.

त्याने काय बिघडते? आज काही दिसत नाही. पण इमारतही म्हातारी होते. ती पाडून नवी बांधायची वेळ येते. तेव्हा जुन्या मालकाचे वारस म्हणतात, “जमीन आमची.” वर छप्पर गळते आणि आपले हात बांधलेले!

यासाठी १९६३ सालचा कायदा आहे. लोक त्याला ‘मोफा’ म्हणतात. त्याप्रमाणे बिल्डरने घरे घेणाऱ्यांची सहकारी सोसायटी करून द्यायची. मग करारात दुसरी मुदत नसेल, तर सोसायटी नोंदल्यापासून ४ महिन्यांत जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची. या खताला ‘कन्व्हेयन्स’ म्हणतात.

बिल्डर सही देईना, किंवा त्याचा पत्ताच नाही, तर? २००८ साली या कायद्यात सुधारणा झाली. आता सोसायटीने सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. ते दोन्ही बाजू ऐकतात, कागद तपासतात. अर्ज खरा ठरला, तर बिल्डरच्या सहीवाचून खत नोंदता येते. याला ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात. सरकारी कागदावर ‘मानीव अभिहस्तांतरण’ असे लिहितात.

खत नोंदले, की सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर सोसायटीचे नाव लावून घ्यावे. ते राहिले, तर काम अर्धेच झाले.

नवीन पनवेलात सिडकोने पुष्कळ जमिनी भाडेपट्ट्याने दिल्या आहेत. तिथे भाडेपट्टा सोसायटीच्या नावे झाला का, हे पाहावे.

हे काम एकट्याचे नव्हे. सभेत ठराव व्हावा लागतो. म्हणून सभा लागली, की घरातून कुणीतरी जावेच. नोंदलेला करार, पैशांच्या पावत्या, मंजूर नकाशा आणि सोसायटीच्या नोंदणीचा दाखला नीट जपून ठेवावा.

आम्ही एवढेच सांगतो: आता आपल्याला वाचता येते. आपल्या इमारतीचा उतारा आपणच वाचावा. नाव दुसऱ्याचे दिसले, तर पुढच्या सभेत विचारावे.

प्रश्न
१. जमीन कुणाच्या नावे व्हायला हवी?
२. बिल्डर सही देत नसेल, तर अर्ज कुणाकडे करायचा?
३. खत नोंदल्यावर कोणते काम उरते?