माहिती-फलकांचा आवृत्तीबदल : घाई नको, चालढकलही नको

बसस्थानकावरील गाड्यांच्या वेळा, रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाचे क्रमांक, बाजार समितीतील शेतमालाचे भाव, पावसाळ्यातील हवामानाचे इशारे अशी माहिती आता अनेक ठिकाणी विद्युत-पडद्यांवर झळकते. खडूने लिहिलेला फळा पुसट झाला तरी वाचता येत असे. नव्या फलकामागील संगणक बंद पडला की काहीच दिसत नाही. कालची माहिती आजची म्हणून दिसत राहिली, तर ते त्याहूनही घातक ठरते. असा प्रसंग यंत्र जुने झाल्यामुळेच येतो असे नाही. पुष्कळदा तो यंत्रणा सुधारण्याच्या प्रयत्नातूनच उद्भवतो. म्हणून सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलताना कोणती दक्षता घ्यावी, हे फलक ज्यांच्या ताब्यात आहेत त्या कार्यालयांनी, शाळांनी व ग्रामपंचायतींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

फलकाची रचना

प्रत्येक पडद्यामागे एक लहान संगणक-पेटी असते. तिला प्लेअर म्हणतात. मध्यवर्ती सर्व्हरकडून आलेला मजकूर, चित्रे व वेळापत्रक प्लेअर आपल्याजवळ साठवून ठेवतो आणि ठरलेल्या वेळी दाखवितो. त्यामुळे जोडणी काही काळ तुटली तरी बहुतेक प्रणालींत फलक चालू राहतो. प्लेअरमध्ये सर्वांत खाली विंडोज, अँड्रॉइड किंवा लिनक्ससारखी कार्यप्रणाली, तिच्यावर प्रदर्शनाचे सॉफ्टवेअर व त्यावर मजकूर, असे थर असतात. एका थरातील बदल दुसऱ्याला मानवेलच असे नाही. सर्व्हर व प्लेअर यांच्या आवृत्त्यांचा मेळ बसला नाही, तर नवा मजकूर फलकापर्यंत पोहोचत नाही.

२०२४ चा धडा

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी माहिती-फाइल जगभर पाठविली. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ती निघाली व ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तेवढ्या अवधीत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमानतळांवरील पडदे निळे पडले. आपल्या देशातही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्यात आले आणि दिल्ली विमानतळावर उड्डाणांची माहिती पांढऱ्या फळ्यावर लिहावी लागली.

या घटनेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, फाइल मागे घेतल्याने बंद पडलेले संगणक सुरू झाले नाहीत. अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणूस जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली. दुसरी, मुख्य सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लगेच घ्यायची नाही, असे धोरण ठेवणाऱ्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत, कारण ही फाइल त्या धोरणाच्या कक्षेतच येत नव्हती. तात्पर्य, लहान बदल म्हणजे निर्धोक बदल असे समजू नये.

टप्प्याटप्प्याने बदल

समजा, एका जिल्ह्यात २०० फलक आहेत. एका आज्ञेने सर्वांची आवृत्ती बदलता येते; परंतु ते सर्व बंद पडले तर? दोन पथकांनी दररोज प्रत्येकी आठ ठिकाणी भेट दिली, तरी काम पुरे व्हायला सुमारे १३ दिवस लागतील. याउलट, प्रथम कार्यालयातील एका नमुना-फलकावर, मग दोन, नंतर वीस व शेवटी उरलेल्या फलकांवर बदल केला, तर दोष पहिल्याच पायरीवर उघडकीस येतो व दोन फलकांची दुरुस्ती अर्ध्या दिवसात होते. प्रत्येक टप्प्यानंतर किमान एक-दोन दिवस थांबावे. नमुना-फलक मात्र गावोगावच्या फलकांसारखाच हवा. कार्यालयात नवी पेटी व गावात जुनी, अशी चाचणी उपयोगाची नाही.

चाचणीत देवनागरी मजकूर अवश्य तपासावा. नव्या आवृत्तीत अक्षरसंच किंवा अक्षरजुळणीची पद्धत बदलल्यास जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला लागते, अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन उमटतात. आपल्या भागातील गावांची नावे असलेला एक नमुना-मजकूर तयार ठेवावा. पेटी बंद करून पुन्हा सुरू करून पाहावी, तसेच जोडणी काढून पाहावी. काही लहान पेट्यांत घड्याळासाठी स्वतंत्र बॅटरी नसते. वीज गेल्यावर त्यांची तारीख मागे पडते व सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही.

परतीची वाट

बदल चालू असतानाच वीज गेली, तर अर्धवट लिहिलेले सॉफ्टवेअर सुरू होत नाही. यासाठी चांगल्या प्लेअरमध्ये दोन कप्पे असतात. नवी आवृत्ती दुसऱ्या कप्प्यात लिहिली जाते. ती नीट सुरू झाली नाही, तर पेटी आपोआप जुन्या आवृत्तीकडे वळते. खरेदीच्या वेळीच ही सोय मागावी. ती नसल्यास जुन्या आवृत्तीची प्रत व एक तयार पेटी हाताशी ठेवावी. सर्व्हरच्या माहितीची प्रतही बदलापूर्वी घ्यावी.

चालढकलीचा धोका

हे धोके पाहून आवृत्तीबदलच नको, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. जुन्या आवृत्तीतील उणिवा जगजाहीर असतात व त्यांतून परक्याला फलकाचा ताबा मिळू शकतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. त्यावर चालणाऱ्या पेट्यांची यादी ज्या कार्यालयाने केलेली नाही, त्याने ती प्रथम करावी.

करार व जबाबदारी

पुरवठादाराशी करार करताना पूर्वसूचनेशिवाय बदल होणार नाही, बदलाचे लेखी विवरण मिळेल व बिघाड झाल्यास ठरावीक मुदतीत जुनी आवृत्ती परत बसविली जाईल, ही कलमे असावीत. पुढचा टप्पा थांबविण्याचा अधिकार कोणाला, हेही नावानिशी ठरवावे. आषाढी वारी, परीक्षांचे दिवस, अतिवृष्टीचा इशारा अशा वेळी बदल हाती घेऊ नये. सुट्टीच्या आदल्या सायंकाळीही नको. प्रत्येक फलकाचे ठिकाण, पेटीचा प्रकार, सध्याची आवृत्ती व शेवटच्या बदलाची तारीख यांची नोंदवही ठेवावी.

आणि शेवटी, प्रत्येक फलकाशेजारी एक साधा फळा व खडू असू द्यावा. पुराचा इशारा पडद्यावर दिसला की फळ्यावर, याला नदीकाठच्या गावाच्या दृष्टीने महत्त्व नाही. तो वेळेवर व अचूक दिसला पाहिजे. आवृत्तीबदलाची सारी व्यवस्था त्यासाठीच आहे.