आधी जाळं विचार, मग भाव

भाच्या,

आमच्या घरात मामानं भाच्याच्या पाया पडायची रीत आहे. तेव्हा आधी पाया पडतो आणि मगच चार शब्द सुनावतो. परवा फोनवर म्हणालास, मुंबईचे साहेब लोक रविवारी नवेगावबांधला येताहेत, त्यांना 'सीफूड' खायचंय, चांगलं हॉटेल सांगा. अरे, गोंदियाहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. इथं सुरमई, पापलेट मिळतं ते बर्फात बसून रेल्वेनं आलेलं. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला त्याच्याच गावचा मासा शिळा करून का वाढायचा? आपल्याकडे तलाव काही कमी आहेत का?

आता हे मला कसं कळलं ते ऐक. तीस-चाळीस वर्षं राईस मिलची मुनीमकी केली. तांदळाच्या व्यवहारासाठी शेठसोबत मुंबईला जाणं व्हायचं. एकदा व्यापाऱ्यानं आम्हाला कुलाब्यात कँटोनीज हॉटेलात नेलं. कँटोनीज म्हणजे चीनच्या दक्षिण टोकाला, ग्वांगडाँग आणि हाँगकाँगकडची माणसं. दर्यावर्दी. मुंबईच्या गोदीवर आली, राहिली; माझगावात १९१९ साली त्यांनी बांधलेलं सी यूप मंदिर अजून आहे. आम्ही मासा सांगितला, तर वेटर कच्चा आख्खा मासा ताटलीत घालून दाखवायला आला. शेठ दचकले. म्हणाले, "हा शिजवायचा राहिला वाटतं." व्यापारी हसला. म्हणाला, "आधी तुम्ही पसंत करायचा, मग ते शिजवणार." तो मासा नुसत्या वाफेवर शिजून आला. वर आल्याच्या काड्या, कांद्याची पात, थोडा सोया सॉस आणि कडकडीत तेल. तिखट नाही, हळद नाही. शेठनी लाल चटणी मागवली, मी मात्र तसाच खाल्ला. आणि मनात म्हटलं, मासा आधी बघून घ्या, मग मसाल्यात दडवू नका, हे तर आपले मासे धरणारे ढिवर लोक सांगतात तेच! तेव्हापासून माशाच्या हॉटेलात बसलो की काही नेम पाळतो. ते तुला देतो.

१. कार्ड वाचू नको, जाळं विचार

बसल्या बसल्या "काय काय आहे?" विचारलंस की सगळंच आहे म्हणतील. त्याऐवजी विचार, "आज जाळं कुठं पडलं? मासोळी किती वाजता आली?" ज्याच्याकडे खरंच तलावाची मासोळी असते तो तलावाचं नाव सांगतो: नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह. ज्याच्याकडे नसते तो "एकदम फ्रेश आहे साहेब" म्हणतो. फरक एवढाच.

आंध्रात तळ्यात वाढवलेला रोहू-कतला बर्फाच्या पेट्यांतून देशभर जातो, आपल्याकडेही येतो. तो काही वाईट नसतो. पण तलावाच्या काठावर बसून, तलावाच्या भावात तो खाणं हा मूर्खपणा. मी स्वतः केलाय. एका ढाब्यावर पाण्याकडे तोंड करून बसलो, हवा छान, गप्पा रंगल्या, विचारायचं राहिलं. तुकडी तोंडात घातली तर कापसासारखी. हात धुवायला मागे गेलो तर थर्माकोलच्या पेट्या रचलेल्या. भांडलो नाही. चूक माझीच, तोंड असून विचारलं नाही.

म्हणून शनिवारी संध्याकाळीच फोन कर. किती माणसं, कोणता मासा, किती वाजता, सगळं सांगून ठेव. जाळं पहाटे निघतं. दुपारी दोनला ऐनवेळी गेलास तर उरलंसुरलं नशिबात.

२. मासा डोळ्यानं बघ, बोटानं दाब

कापायच्या आधी दाखवा म्हण. त्यात लाजायचं काही नाही. हाँगकाँगात तर काचेच्या हौदातला जिवंत मासा गिऱ्हाईकासमोर आणून दाखवतात. आपल्याकडे हौद नसेल, टोपली असते. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, खोल गेलेला, दुधाळ नको. कल्ला उचलून बघ, आतून लालभडक हवा. विटकरी पडला असेल तर कालचा. बोटानं दाबलंस तर मांस पुन्हा वर आलं पाहिजे. खड्डा राहिला तर हात जोडून डाळभात मागव.

मरळ मात्र जिवंतच घ्यायची. तिला बाहेरची हवा घेता येते, म्हणून थोड्याशा पाण्यातही ती तासन्‌तास जगते. बाजारात घमेल्यात वळवळताना दिसते ती हीच. मेलेली मरळ कुणी महाग विकत असेल तर पुढं चाल. आणि मोठ्ठा काळा मांगूर स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नको. बाहेरून आलेला तो थाई मांगूर, त्याच्या पैदाशीवर देशात बंदी आहे. तो आपल्या पाण्यातली बाकीची मासोळी फस्त करतो.

३. भाव आधी, वजन आधी

कँटोनीज हॉटेलात माशापुढे आकडा नसतो, 'बाजारभाव' एवढंच लिहिलेलं असतं. आमच्या शेठनी ते वाचलं नाही आणि बिल आल्यावरचा त्यांचा चेहरा मी अजून विसरलो नाही. इथंही तेच. थाळी असेल तर थाळीत तुकड्या किती ते विचार. किलोनं असेल तर वजन आख्ख्या माशाचं की साफ केलेल्याचं, ते विचार. खवले, कल्ले आणि पोटातलं गेलं की दोन किलोचे दोन किलो राहत नाहीत. पाहुण्यांसमोर भावावरून घासाघीस वाईट दिसते, म्हणून हे सगळं स्वयंपाकघराच्या दारातच उरक.

४. कोणाच्या ताटात कोणती तुकडी

रोहू, कतला, मृगल ही घराण्यानं काटेरी मंडळी. पाठीत आणि शेपटीकडे बारीक, दुफाट्याचे काटे असतात. पोटाकडच्या तुकडीत, म्हणजे पेटीत, मोठ्या फासळ्या असतात. त्या दिसतात आणि हातानं निघतात. समुद्राच्या माशावर वाढलेल्या माणसाला पेटी वाढायची, लहान मुलांना तर पेटीच. पाठ आपण घ्यायची, आपल्या जिभेला ती विद्या आहे. मासा लहान असेल तर काट्यांचीच भाजी होते, म्हणून दीड-दोन किलोच्या वरचाच सांग.

कतल्याचं डोकं म्हणजे निम्मा कतला. कँटोनीज लोक माशाचं तोंड मानाच्या पाहुण्याकडे करून ठेवतात. आपण डोकंच मानाच्या माणसाला देतो. पण आधी विचार. मुंबईच्या साहेबाला ताटातून डोळा बघायला लागला तर त्याचं जेवण उडायचं. नको म्हणाले, तर मामा जिवंत आहे.

५. चिखलाचा वास आला तर कोणाला दोष देशील?

तलावाच्या माशाला कधी कधी मातीचा वास येतो. तो शिळेपणाचा नव्हे, पाण्यातल्या बारीक जीवांचा असतो. तो काढणं स्वयंपाकिणीच्या हातात. आमच्या शेजारी एक ढिवर बाई मासोळी साफ करून द्यायची. बसायची पावशीवर, म्हणजे विळीवर, उजवा पाय दुमडून. वामेसारख्या बुळबुळीत माशाला आधी चुलीतली राख चोळायची, म्हणजे हातातून निसटत नाही आणि वरचा चिकटा सुटतो. मग पोट फाडून आतली काळी पातळ साल नखानं खरवडून काढायची. "वास याच्यातच र्‍हाते," म्हणायची. मग मीठ, हळद आणि चिंचेचं पाणी चोळून ठेवायचं, धुवायचं, पुन्हा एकदा तेच. ज्या ढाब्यावर हे दुसरं धुणं होतं तिथं मी पुन्हा जातो. जिथं होत नाही तिथं मसाला जास्त असतो.

६. सगळा मासा रश्शात बुडवू नको

हा माझा खास कानमंत्र. माणसं सहा असतील तर मासा दोन वाटेनं कर. निम्मा रस्सा, जवसाच्या तेलाचा मिळाला तर उत्तम. उरलेला तव्यावर, नुसतं मीठ, हळद, लसूण आणि लिंबू. पाहुण्यांना आधी तव्यावरचा वाढ, रस्सा मागून. तिखटानं एकदा जीभ पेटली की मग रोहू काय आणि बटाटा काय.

आमची आई तर पळसाच्या पानात मीठ-हळद लावलेली मासोळी गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायची. पान जळायचं, आतला मासा स्वतःच्याच वाफेत शिजायचा. कुलाब्यातला तो वाफेवरचा मासा खाताना मला आईची चूल आठवली ती त्यामुळेच. ढाब्याच्या बाईला गोड बोलून विचार. चूल लाकडाची असेल तर ती करून देईल, आणि तुझे साहेब बाकी सगळं विसरून तेच लक्षात ठेवतील.

७. भात हलका समजू नको

राईस मिलच्या माणसाला विचारलंस म्हणून सांगतो, रश्शाला जुना तांदूळ हवा. नवा चिकट होतो आणि गोळा बसतो. एचएमटी मिळाला तर घे. हा वाण नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या शेतकऱ्यानं आपल्या शेतात निवडून काढला, विद्यापीठानं नव्हे. पाहुण्यांना एवढं सांगितलंस तरी भात दुसऱ्यांदा मागतील.

८. चायनीज खायचंच असेल तर

गोंदियाच्या चौकातल्या गाडीवरचं चायनीज खा, मी नाही म्हणत नाही. पण तिथं मासा मागू नको. तिथलं मंचुरियन मुळात चीनचं नाहीच. १९७५ साली मुंबईत नेल्सन वँग या कलकत्त्यात जन्मलेल्या स्वयंपाक्यानं ते केलं म्हणतात. झणझणीत लाल सॉसखाली काय आहे ते कोणाला कळतं? कँटोनीज माणसाला ते दाखवलंस तर तो विचारील, "एवढं काय लपवलंय?"

इटियाडोह बघायला गेलात तर गोठणगावजवळ नोर्ग्येलिंगची तिबेटी वसाहत लागेल. १९७२ पासून ती माणसं तिथं आहेत. मोमो, थुक्पा मिळाला तर जरूर खा. पण दोन गोष्टी सांभाळ. त्याला 'चायनीज' म्हणू नको. ज्यांच्यामुळे या लोकांना घर सोडावं लागलं त्यांचं नाव या लोकांच्या ताटाला लावायचं नसतं. आणि मासा मागू नको, जुनी तिबेटी माणसं बहुधा मासा खात नाहीत.

९. आषाढात मासोळीला सुट्टी दे

पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाच्या उलट चढतात, अंडी घालायला. तेव्हा पोट गाभोळीनं भरलेलं असतं आणि लोक तीच मागतात. तेवढे दिवस जीभ आवर. एक मादी खाल्लीस म्हणजे पुढच्या वर्षीची टोपली खाल्लीस.

आणि हे तलाव आयते आलेले नाहीत. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी तीनशे वर्षांमागे घातला असं सांगतात. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले, पाण्यात बेशरमीची झुडपं माजली, गावठी मासोळी कमी झाली. अर्जुनी मोरगावकडे मनीष राजनकर आणि त्यांच्यासोबतच्या ढिवर बायाबापड्यांनी ती बेशरम उपटली, तळाशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कुठं काही तलावांत देशी मासे परतले. मारुती चितमपल्लींसारखा मोठा माणूस नवेगावला राहून पाखरं आणि मासे शिकला, तोही या ढिवरांच्या पायाशी बसून. आपण तर नुसते जेवायला जातो.

म्हणून शेवटचं. जेवण झालं की पैसे गल्ल्यावर दे, पण मासा ज्यानं आणला त्याचं नाव विचारून घे. पुढच्या वेळी थेट त्यालाच फोन कर. चांगल्या हॉटेलाचा पत्ता मला विचारत होतास ना? तो पत्ता त्याच्याकडे असतो. आज त्याची मासोळी कोणत्या चुलीवर गेली, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

रविवारी मी बाराला पोचतो. कतल्याचं डोकं कोणी घेतलं नाही तर झाकून ठेव.

तुझा मामा