पाठीवर पेलेल असा संगणक

बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागून प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या, की बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या घरांतूनही एक नवी बाब मसलतीला येते. ती म्हणजे मुलाला वा मुलीला लॅपटॉप कोणता घ्यावा. मुलाची कैफियत बहुधा अशी असते, की स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेला, ‘गेमिंग’ म्हणून विकला जाणारा संगणक घेतल्यावाचून पुढील शिक्षण निभावणार नाही. आणि वडिलांना त्या यंत्रातले फारसे कळत नसले, तरी एकदाच पैसे घालायचे तर चार वर्षे पुरेल असे बलवान यंत्रच का घेऊ नये, हा त्यांचा विचारही त्यांना त्याच दुकानातील त्याच फळीपाशी नेऊन उभा करतो. दोघांचे असे एकमत होणे ही घरात दुर्मीळ गोष्ट असल्यामुळे ते मोडण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. परंतु बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे एकमत चुकीचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण अभ्यासक्रमातील सर्वांत अवघड तासाला काय लागेल, एवढाच विचार करून यंत्र घेतले जाते. आणि विद्यार्थ्याचा रोजचा दिवस कसा जाणार आहे, याची चौकशी राहून जाते. बुटीबोरीहून नागपूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाचा दिवस वर्धा मार्गावरील बसमध्ये उभे राहून सुरू होतो. कोणी खापरीला उतरून मेट्रोने सीताबर्डी गाठतो. मिहानपासून बुटीबोरीच्या वसाहतीपर्यंत मेट्रो वाढविण्यास डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. पण तो मार्ग वाहता होईपर्यंत जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटरांची ही यातायात पुस्तके, डबा आणि पाण्याची बाटली यांच्यासह पाठीवरच व्हायची आहे. गेमिंग लॅपटॉपचे वजन साधारणतः सव्वादोन ते अडीच किलो असते आणि त्याचा विटेएवढा चार्जर आणखी अर्ध्या किलोच्या पुढे जातो. उलट हलक्या वर्गातील लॅपटॉप एक ते सव्वा किलोचा, आणि त्याचा ६५ वॅटचा चार्जर बहुधा टाइप-सी प्रकारचा असल्यामुळे त्यावरच फोनही भरून घेता येतो. पहिल्या महिन्यात मुलगा तीन किलो हौसेने वाहतो. नंतर तेच यंत्र खोलीतील टेबलावर कायमचे मुक्कामाला राहते, आणि वर्गात, ग्रंथालयात, मित्रांबरोबरच्या प्रकल्पात तो पुन्हा फोनच्या पडद्याकडे वळतो.

शिवाय ज्या बळासाठी अधिक पैसे मोजले, ते बळ विजेच्या जोडणीशिवाय पुरते हातीच लागत नाही, ही गोष्ट दुकानात क्वचितच सांगितली जाते. ग्राफिक्सची चिप पूर्ण जोमाने चालविण्याइतकी शक्ती बॅटरी देऊ शकत नाही. म्हणून चार्जर काढताच असे यंत्र आपला वेग आपणच आवरते, आणि एवढे करूनही ते काही तासांत दम टाकते. त्यात आपल्याकडील उन्हाळा! अनेक उत्पादक आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालच्या हवेची उच्चतम मर्यादा ३५ अंश सेल्सिअस लिहून देतात. नागपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना भिडतो आणि वसतिगृहाची पत्र्याखालची खोली रात्री दहालाही निवलेली नसते. अशा हवेत शंभर-दीडशे वॅट जाळणारे यंत्र पंख्याचा घरघराट करीत स्वतःच मंद होते. पंखा नसलेले अतिशय सडपातळ यंत्रही दीर्घकाळच्या अवजड कामात मंदावते, हे खरे. पण लेखन, वाचन, कोड लिहिणे, व्याख्यान पाहणे या कामांत त्याला मुळी तापण्याचेच कारण पडत नाही.

बुटीबोरीजवळ वारंगा येथे हा प्रश्न पारखून पाहण्याची चांगली सोय आहे. तेथे भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठ अशा दोन संस्था एकाच शिवारात आहेत. विधि विद्यापीठातील विद्यार्थिनीचे काम म्हणजे निकालपत्रे वाचणे, टिपणे काढणे, अभिरूप न्यायालयासाठी निवेदने लिहिणे. तिला उत्तम कळफलक, डोळ्यांना न शिणविणारा पडदा आणि दिवसभर टिकणारी बॅटरी हवी, ग्राफिक्स कार्डाचा तिला काडीचा उपयोग नाही. हे कोणीही मान्य करील. परंतु शेजारच्या संस्थेतील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही पहिली दोन वर्षे सी, पायथन, डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस हेच शिकायचे असते, आणि ते हलक्या यंत्रावर बिनतक्रार चालते, हे सांगितले की पालक साशंक होतात. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची अवजड गणिते आली, तर ती प्रयोगशाळेतील सर्व्हरवर किंवा गुगल कोलॅबसारख्या सेवेवर करता येतात. अवजड गणित एका ठिकाणी आणि गणित मांडणारा माणूस दुसऱ्या ठिकाणी, ही व्यवस्था आजची नव्हे. नागपूरच्या तत्कालीन विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेजात शिकलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो काही कोणी मांडीवर घेऊन बसण्यासाठी नव्हता.

अपवाद आहेत, आणि ते नीट ओळखले पाहिजेत. वारंग्याच्याच संस्थेत गेमिंग तंत्रज्ञानाची शाखा आहे. तिकडे जाणारा, वास्तुकलेत त्रिमिती चित्रे रंगविणारा, यांत्रिक अभियांत्रिकीत सॉलिडवर्क्स वा अ‍ॅन्सिस घरी चालवू पाहणारा, चित्रफितींचे संकलन हाच व्यवसाय करू इच्छिणारा, या सर्वांना बळकट यंत्र रास्तपणे लागते. मात्र त्यांनीही विभागाकडे दोन गोष्टींची खातरजमा करावी: प्रयोगशाळा सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि ही सॉफ्टवेअरे कोणत्या सत्रात येतात. तिसऱ्या वर्षी लागणारे यंत्र पहिल्या वर्षी घेणे म्हणजे दोन वर्षांची वॉरंटी आणि बॅटरीचे आयुष्य फुकट जाळणे होय. हलके यंत्र घेऊन वाचलेली रक्कम बाजूला ठेवली, तर गरज खरोखर उद्भवेल तेव्हा तीत थोडी भर घालून खोलीवर एक डेस्कटॉप ठेवता येतो, आणि तो त्याच पैशांत लॅपटॉपपेक्षा अधिक काम देतो. नोकरीची चिंता येथे अनाठायी आहे; मिहानमधील असोत वा पुण्या-बंगळूरच्या, संगणक कंपन्या आपल्या कामासाठी सामान्यतः आपलाच लॅपटॉप देतात.

हलके घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. अशा यंत्रांत रॅम बहुधा मुख्य पाटीवरच डाखलेली असते आणि मागाहून वाढविता येत नाही; म्हणून ८ जीबीवर भागविण्याचा मोह टाळून १६ जीबीच घ्यावी, साठवणीस ५१२ जीबीची एसएसडी असावी. काही स्वस्त यंत्रे केवळ प्रोसेसर कमकुवत घालून हलकी केलेली असतात, त्यांच्या वाटेस जाऊ नये. आणि नुसत्या सडपातळपणासाठी लाखाच्या घरात जाण्याचेही प्रयोजन नाही. मॅकबुक एअर विधि वा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यास उत्तम, पण सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते. डिप्लोमा करून येथल्याच कारखान्यांत पीएलसीचे काम करू पाहणाऱ्या मुलालाही विंडोजच हवी, आणि तीही इंटेल वा एएमडीच्या प्रोसेसरवरची, कारण एआरएम जातीच्या प्रोसेसरवर जुनी औद्योगिक सॉफ्टवेअरे अडून बसतात.

खरेदीची घाई करू नये; पहिले काही आठवडे वर्गात बसल्यावर वरच्या वर्षाची मुले जे सांगतात, ते सीताबर्डीच्या विक्रेत्याच्या शिफारशीपेक्षा अधिक भरवशाचे असते. पैशांची तरतूद मात्र आधी करावी. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास, संगणकाची वाजवी किंमत खर्चात धरण्याची सवलत आहे. त्यासाठी दुकानदाराचे दरपत्रक आणि संस्थेचे आवश्यकतेबद्दलचे पत्र कर्जाच्या अर्जासोबतच जोडावे. कर्ज मंजूर झाल्यानंतर ही बाब वाढवून घ्यायची म्हणजे पाळी बुडवून शाखेत हेलपाटे घालणे आले.