बी वाळवायचं नाही! : पाणथळ जमिनीतला ओक

मित्रांनो, "बी कसं जपून ठेवाल?" असं विचारलं की वर्गात लगेच उत्तर येतं, "उन्हात वाळवून डबीत!" ज्वारी, तूर, भेंडीसाठी ते अगदी बरोबर. पण ओकचं बी असं ठेवलं तर मरतं. का ते पाहूया.

उदाहरण घेऊ स्वॅम्प व्हाइट ओकचं. शास्त्रीय नाव क्वेर्कस बायकलर, म्हणजे दुरंगी. पान वरून गडद हिरवं, खालून पांढुरकं. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं. नदीकाठ, सखल जागा, पाणी साचणारी माती हे त्याचं घर.

पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते आणि बऱ्याच झाडांची मुळं गुदमरतात. हा ओक काही काळ ते सोसतो. शहरातल्या दाबल्या गेलेल्या मातीतही हवा कमीच असते, म्हणून रस्त्याकडेलाही तो तग धरतो. न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकात याच जातीची ४०० हून अधिक झाडं आहेत. मात्र चुनखडीच्या जमिनीत त्याची पानं पिवळी पडतात.

आता लागवड. तिकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोपी घातलेली फळं खाली पडतात.

१) ताजी फळं गोळा करून टोपी काढा.
२) पाण्यात टाका. तरंगणारी बहुधा पोकळ किंवा किडकी असतात, बुडालेली घ्या.
३) लगेच ओलसर मातीत, दोन-तीन सेंटिमीटर खोल, आडवी पेरा.
४) वर जाळी लावा, नाहीतर खारी उकरून नेतात!
५) कुंडी खोल हवी, कारण आधी सोटमूळ खाली जातं. कोंब वसंतात दिसतो. तोवर "उगवलंच नाही" म्हणून उकरू नका.

या बीमध्ये भरपूर पाणी असतं. ते आटलं की आतला अंकुर जगत नाही. आपल्याकडचं जांभूळही याच स्वभावाचं.

उपक्रम : जांभळाच्या हंगामात दहा बिया धुऊन लगेच पेरा. दुसऱ्या दहा पंधरा दिवस उन्हात वाळवून मग पेरा. दोन्हींतल्या किती उगवल्या ते वहीत नोंदवा. आणि विचार करा : जे बी साठवता येत नाही, त्याचं झाडच तोडलं तर पुढचं बी आणायचं कुठून?