टंग्स्टन धातु व जळणारे पदार्थ

जळणें म्हणजे काय, हें आपणांस ठाऊकच आहे असें प्रत्येकास वाटतें. परंतु कोणीं विचारल्यास नीट उत्तर देतां येत नाहीं. म्हणून आज आम्ही एका धातूपासून आरंभ करितों.

जुन्या तऱ्हेच्या विजेच्या दिव्यांत केंसासारखी जी बारीक तार असते, ती टंग्स्टनची होय. स्वीडिश भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ 'जड दगड' असा आहे, आणि नांव यथार्थ आहे. ज्या भांड्यांत एक किलो पाणी मावतें, तें ह्या धातूनें भरल्यास वजन १९ किलोंहून अधिक होईल. इ. स. १७८३ सालीं स्पेन देशांतील एलुयार बंधूंनीं हा धातु प्रथम वेगळा केला. लोखंड १५३८ अंश सेंटिग्रेडला वितळतें. टंग्स्टन ३४२२ अंशांपर्यंत टिकतो. सर्व धातूंत ह्याचाच अंक मोठा आहे.

मग असा धातु जळतच नसेल, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. काच फुटून दिवा चालू राहिला, तर ती तार क्षणांत धूर सोडून तुटते. (हा प्रयोग कोणीं करूं नये, उघड्या तारेंत वीज असते.) काचेच्या आंत अडीच हजार अंशांच्या उष्णतेंत शेंकडों तास टिकणारी तीच तार बाहेरच्या हवेंत पळभरहि टिकत नाहीं. कारण आंत आर्गॉनसारखा वायु असतो, त्याचा धातूशीं संयोग होत नाहीं. बाहेर प्राणवायु आहे. वितळणें निराळें, जळणें निराळें. जळणें म्हणजे प्राणवायूशीं संयोग होणें.

हा संयोग किती त्वरेनें होतो, हें पदार्थ किती बारीक आहे ह्यावरहि अवलंबून असतें. बाभळीचा ओंडका एका काडीनें पेटत नाहीं, त्याच्याच ढलप्या पेटतात. लोखंडाचा खिळा भट्टींत नुसता लाल होतो. परंतु कानशीखालीं पडलेला कीस ज्वाळेवर टाकिला तर ठिणग्या होऊन जळतो. पिठाचा ढीग धुमसतो, पण तेंच पीठ कोंडलेल्या हवेंत उडालें म्हणजे बंदुकीच्या दारूसारखा भडका होतो. इ. स. १८७८ सालीं अमेरिकेंतील मिनिआपोलिस शहरीं पिठाच्या गिरणींत असा स्फोट होऊन १८ माणसें मेलीं. गिरणींत विडी ओढणारास बाहेर घालवावें. तो पाहुणा असला तरी संकोच करूं नये.

कापडाचें पाहा. सुती लुगडें भडकन पेटतें. नायलॉनचें वितळून कातडीस चिकटतें. आमच्या मतें चुलीपाशीं सुतीच बरें, पण पदर खोंचलेला असावा. वस्त्र पेटल्यास धांवूं नये, वाऱ्यानें ज्वाळा वाढते. जमिनीवर लोळावें, किंवा जाड घोंगडें गुंडाळावें. भाजलेल्या जागीं वीस मिनिटें गार पाणी ओतावें. शाई अथवा तूप लावूं नये.

कढईंतील तेल पेटलें तर मात्र पाणी ओतूं नये. पाणी तेलाखालीं जाऊन त्याची एकदम वाफ होते, आणि जळतें तेल उडून छपरास लागतें. चूल विझवावी, कढईवर झांकण सरकवावें, आणि कढई पुरती थंड होईपर्यंत तें उचलूं नये. दिव्याची काच जें काम करिते, तेंच येथें झांकण करितें.